पट्टी बांधलेली वांगी

सिस्टरनी माझ्या टमाटरची फुलं माझ्या डोळ्यांदेखत खुडून टाकली, तेव्हा आमची ओळख होऊन चार मिनिटं झाली होती. सहा रोपांवर मिळून तेवीस फुलं होती. आकडा नक्की आहे, कारण त्याच सकाळी मी ती मोजली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी लावलेल्या कशाला तरी फुलं आली होती.

त्या आल्या, वाकल्या, "पहिलटकरीण दिसून राहिली," म्हणाल्या आणि चिमटीने फुलं तोडायला लागल्या. मी "अहो, अहो" करेपर्यंत पाच रोपं उरकली होती.

"अंगात ताकद नाही आणि लेकरं पायजे," त्या म्हणाल्या. "थोडी मोठी होऊ द्या नं तिले. काहून घाई करून राहिले, भाऊ?"

सहावं रोप मी आडवा उभा राहून वाचवलं. मातीत पडलेल्या पिवळ्या फुलांकडे पाहत मी किती वेळ उभा होतो ते मात्र मोजलं नाही. पुढे त्या पाच रोपांनी सरासरी दोन किलो शंभर ग्रॅम टमाटर दिले. मी वाचवलेल्या रोपाने नऊशे ग्रॅम.

सिस्टरना जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की पहिल्यांदा आठवतात ते मला बसलेले धक्केच.

आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून बांधलेली वसाहत, नागपुरात सक्करदऱ्याच्या मागच्या बाजूला आहे. मधोमध बागेसाठी सोडलेली मोकळी जागा होती आणि वर्षानुवर्षं तिच्यात, कोपऱ्यात कोणी लावलेलं एक लिंबाचं झाड सोडलं तर, गाजरगवत, बांधकामाचा मलबा आणि डुकरं यांखेरीज काही नव्हतं. लोकांनी मिळून ती साफ केली आणि दहा फूट बाय चार फुटांचे चोवीस वाफे पाडले. टेप धरणारा मीच. मिहानमधल्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळतो, मोजायची सवय हाडात आहे. त्यामुळे दर रविवारी निघालेली भाजी तोलून वहीत लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

सतरा नंबरचा वाफा सिस्टरचा. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. लग्न केलेलं नव्हतं. सत्तरी ओलांडली होती, तरी सकाळी साडेसहाला पांढरी साडी, पायात काळे रबरी बूट आणि छातीशी पिनेने उलटं लटकवलेलं घड्याळ, अशा त्या बागेत हजर असत. चोवीसही वाफ्यांवरून त्यांचा राउंड व्हायचा. एखाद्या मिरचीच्या खोडाला दोन बोटं लावून त्या घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या की नवा माणूस हबकायचाच. मी विचारलं होतं, "सिस्टर, झाडाला नाडी असते का?" त्या म्हणाल्या, "नसते. पण मी असं केलं की मालक लोक पाणी वेळेवर टाकतात."

वाऱ्याने फांदी मोडली की त्या गॉझची पट्टी बांधायच्या, वरून चिकटपट्टी. रोपाच्या पिशवीतून रोप काढून वाफ्यात लावताना त्याच्या बुडाला हलकी चापटी मारायच्या. "रडलं पायजे," म्हणायच्या. आम्ही हसलो तर त्यांना राग यायचा. पट्टी बांधलेल्या झाडाबद्दल कोणी काही विचारलं तर उत्तर एकच, "पेशंट आहे, हात लावू नका."

एकदा बागेतल्या अवजारांच्या खोलीमागे निळी कॅन दिसली. वर खडूने लिहिलेलं, 'पुरुषांनी इथे करावी.' मला वाटलं कोणाचा तरी चावटपणा आहे. मी ती उचलून बाहेर ठेवायला निघालो, तर मागून सिस्टर ओरडल्या, "ठेवा ते! त्यात माल आहे!"

त्या रविवारी सगळ्यांची बैठक झाली. सिस्टरनी उभं राहून सांगितलं की लघवीत पालेभाजीला लागणारं सगळं आहे, एका भागाला दहा भाग पाणी घालायचं आणि मुळाशी ओतायचं, पानांवर नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. आमच्यातले सगळ्यांत वयस्कर काकाजी म्हणाले, "शी शी, हे काय बोलून राहिल्या तुमी चारचौघांत?"

"तुमची नकोच आहे, काकाजी," सिस्टर म्हणाल्या. "तुमाले साखर आहे. गोळ्या चालू असणाऱ्या कोणाचीच नको." आणि मग त्यांनी सगळ्यांसमोर बोट दाखवून एकेकाला बाद करायला सुरुवात केली. "तुमी बीपीचे. तुमी बीपी आणि साखर दोन्ही. तुमचं मागच्या महिन्यात काय झालं होतं ते मी सांगत नाही. तुमी थायरॉईड." चोवीस घरांतल्या लोकांनी एकमेकांपासून वर्षानुवर्षं लपवलेलं सगळं पाच मिनिटांत बाहेर आलं. शेवटी अख्ख्या लेआउटमधून पात्र ठरले तिघे. त्यातला एक मी.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, जाणार आहात की काय खरंच?"

"एकास दहा हे प्रमाण पटण्यासारखं आहे," मी म्हणालो. पालकाचं वजन त्या हंगामात दीडपट झालं. बायकोने मात्र तो पालक तीन वेळा धुतल्याशिवाय कधी शिजवला नाही.

लिंबाच्या झाडाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते. कोपऱ्यात सात वर्षांचं लिंबू होतं. सात वर्षांत लिंबू शून्य. एके दिवशी सकाळी सिस्टर कुऱ्हाड घेऊन आल्या. मला बाजूला ओढून कुजबुजल्या, "मी म्हणीन, तोडते याले. तुमी मंग हात जोडून म्हणा, थांबा सिस्टर, यंदा देईन ते, मी जामीन राहतो. आमच्या गावात असंच करत. भिऊन फळते झाड."

"पण ते देईलच हे मला कसं माहीत?" मी म्हणालो. "मी जामीन कसा राहू?"

"हळू बोला, आयकन ते! एवढं खोटं नाही बोलता येत तुमाले?"

मग त्या झाडासमोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सात वर्षं झाले, फुकटचं पाणी पिऊन राहिलं! तोडतेच आता!" आणि कुऱ्हाड उचलून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. खूप प्रयत्न केला. शेवटी म्हणालो, "सिस्टर, यंदा फळ धरण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"भैताड माणूस!" सिस्टर ओरडल्या. "झाडाले काय समजन त्यातलं?" आणि त्यांनी संतापात बुंध्यावर खरोखरच एक घाव घातला. मी घाबरून त्यांचा हात धरला आणि "नको, नको, देईल ते!" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या वर्षी झाडाला एकसष्ट लिंबं लागली. पहिल्यांदाच शेणखतही घातलं होतं, म्हणून वहीत मी 'कारण अनिश्चित' असं लिहिलं. सिस्टरनी ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

असं असलं तरी त्या बागेने आम्हाला काय दिलं तेही लिहिलं पाहिजे, कारण तोही माझ्यासाठी धक्काच होता. या लेआउटमध्ये मी चौदा वर्षं राहत होतो आणि समोरच्या घरातल्या माणसाला फक्त स्कूटरच्या नंबरावरून ओळखत होतो. बाग सुरू झाल्यावरच्या दुसऱ्या डिसेंबरात एका रविवारी अडतीस किलो चारशे ग्रॅम भाजी निघाली. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मोठ्या गंजात मीठ टाकून तिथेच उकडल्या. कोणाच्या घरून कोथिंबिरीची सांबारवडी आली, कोणी ताक आणलं. माझी बायको वाफ्याच्या कडेला मांडी घालून मटाराच्या शेंगा सोलत होती आणि एकही दाणा भांड्यात न टाकता तोंडात टाकत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण तिला असं लहान मुलीसारखं खाताना मी पाहिलं नव्हतं. ज्यांच्याशी मी उभ्या आयुष्यात 'नमस्कार'च्या पुढे काही बोललो नव्हतो ते माझ्याशी भेंडीवर पडलेल्या मावा किडीबद्दल तासभर बोलले. पेरलेला दाणा उगवतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण आपण पेरलेला उगवतो आणि त्याची भाजी आपल्या ताटात येते, याचं मला आजही नवल वाटतं.

आता माझ्या हातून जे झालं ते.

सिस्टरच्या वाफ्यात तीन झाडं वांग्याची होती. गोल, पांढरट अंगावर जांभळ्या रेषा, देठाला चांगले टोचणारे काटे. त्याचं भरीत आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं. तेल न घालताही लोण्यासारखं लागायचं. सिस्टर बाकी कशाचंही बी कोणालाही द्यायच्या, मागितलं नाही तरी द्यायच्या. या वांग्याचं मात्र मागितलं की विषय बदलायच्या. त्यांच्या आईने गावाहून आणलेलं बी, एवढंच आम्हाला ठाऊक. ते गाव कुहीच्या बाजूला होतं आणि धरणात गेलं होतं.

मार्च लागला की उन्हाळ्याआधी वाफे मोकळे करायचे, असा आमचा नियम. दुसरा नियम किडीबद्दलचा. त्या हंगामात वांग्यांवर फळ पोखरणारी अळी फार होती, म्हणून सिस्टरशी बोलूनच मी फळ्यावर लिहिलं होतं: 'किडकं फळ वाफ्यात ठेवू नये, खतात टाकू नये, कापू नये, कचरागाडीत द्यावं.'

त्याच आठवड्यात सिस्टरचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या आठ दिवस बागेत येणार नव्हत्या. रविवारी सगळे वाफे मोकळे झाले, उरला सतरा नंबर. त्यातल्या तीन झाडांवर पाच वांगी होती. पिवळी पडलेली, सुरकुतलेली, आणि प्रत्येकाच्या देठाला गॉझची पट्टी बांधलेली.

पट्टी म्हणजे पेशंट. हे मी चार वर्षं पाहत आलो होतो. पिवळं पडलेलं फळ, वर पट्टी, आजूबाजूला अळीचा जोर. सिस्टरनी उपचार करून पाहिले आणि ते लागू पडले नाहीत, असं मी धरून चाललो. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फोनवर त्रास देऊ नये, असंही वाटलं. त्यांचं काम आपण नीट उरकून ठेवावं, त्यांना बरं वाटेल, ही त्यातली भावना होती. मी पाचही वांगी तोडली. एक किलो तीनशे साठ ग्रॅम भरली. 'रोगट' या रकान्यात लिहिली. झाडं मुळासकट उपटली. सव्वाआठला कचरागाडी आली, तिच्यात सगळं माझ्या हातांनी टाकलं आणि वाफा खुरप्याने सारखा केला.

नवव्या दिवशी सिस्टर काळा चष्मा लावून आल्या. राउंड न घेता सरळ सतरा नंबरला गेल्या आणि थांबल्या.

"माहे पेशंट कुठी गेले?"

मी त्यांना सगळं सांगितलं. वजनासकट.

"अळी होती?"

"असणार."

"कापून पाहिलं?"

"कापायचं नाही असं ठरलं होतं."

सिस्टर वाफ्याच्या विटेवर बसल्या. चष्मा काढला नाही, त्यामुळे त्यांचे डोळे मला दिसत नव्हते. मग म्हणाल्या, "चौतीस वर्षांत, भाऊ, डॉक्टरनं पाहिल्याबिगर मी एक लेकरू मेलं म्हणून गुंडाळून नाही दिलं. आणि तुमी न पाहता देऊन टाकलं."

त्या उठून गेल्या. मग बाकीच्यांकडून मला एकेक गोष्ट कळत गेली. ती वांगी बियांसाठी झाडावरच पिकू दिलेली होती. कोणी चुकून तोडू नये म्हणून खूण केलेली होती. मागच्या पावसाळ्यात सिस्टरच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं आणि बियांचा डबा कुजला होता. त्यातून वाचलेल्या चिमूटभर बियांची ती तीन रोपं. दुसरीकडे कुठेही ते बी नव्हतं. मी काय केलं हे मला त्या दिवशी कळलं. वहीत 'रोगट' हा शब्द तसाच होता. तो खोडायचीही मला हिंमत झाली नाही.

सिस्टर अकरा दिवस बागेत आल्या नाहीत. बाराव्या दिवशी मी आणि बायको त्यांच्या घरी गेलो. मी म्हणालो, "गाव बुडालं, पण माणसं तर दुसरीकडे वसवली असतील. कोणाकडे तरी बी असेल. रविवारी माझ्या गाडीने जाऊ. घरोघर विचारू."

त्या नाही म्हणाल्या. मग बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "सिस्टर, यांना रात्रीची झोप नाही हो. तुमच्यासाठी नको, यांच्यासाठी चला."

"येते," सिस्टर म्हणाल्या. "पण मालकाच्या घरी नाही जायचं. पयलेच सांगून ठेवते."

कुहीच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, मालक म्हणजे कोण. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "ज्याच्या वाडीतलं ते बी आहे, तो."

"त्यांनी तुमच्या आईला दिलं होतं?"

"देते कोण? चोरलं होतं मायनं."

गाडी माझ्या हातून जरा डावीकडे गेली. चार वर्षं आम्ही जे भरीत जिभल्या चाटत खाल्लं ते चोरीच्या बियांचं होतं, हे मला पचायला वेळ लागला. सिस्टर मात्र सांगत राहिल्या. त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. घरचे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम वस्तीने सोडलं. मालकाने वस्तीतल्या सगळ्यांची मजुरी बंद केली. त्यांची आई त्याच्या भाजीच्या वाडीत तण निंदायला जायची. वाडीतलं वांगं मजुरांनी घरी न्यायचं नाही, असा दंडक होता. रोज त्या झाडांत वाकायचं आणि घरी अंबाडीची भाजी खायची. शेवटच्या दिवशी आईने बियांसाठी राखलेली तीन पिकली वांगी ओच्यात घातली आणि चालत बाहेर आली. महिन्याभरात कुटुंबाने गाव सोडलं. मग नागपुरात झोपडीपुढे, दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, गच्चीवर, डब्या-पिंपांतून ते वांगं साठहून जास्त वर्षं चालत आलं.

"माय मरेपर्यंत हसायची ते सांगून," सिस्टर म्हणाल्या. "म्हणे, त्याच्या नाकाखालून नेलं मी. भल्ला शहाणा समजे स्वतःले." मग माझ्याकडे वळल्या. "आता तेच बी मागाले त्याच्या दारात मी कशी उभी राहू, सांगा?"



पुनर्वसनाचं गाव म्हणजे सारख्या मापाचे प्लॉट, सरळ सिमेंटचे रस्ते. आम्ही नऊ घरं विचारली. जुनं वांगं सगळ्यांना आठवत होतं. बी कोणाकडे नव्हतं. "धानातच जीव जाते जी, वांगे कोण पाहते," एकाने सांगितलं. दहाव्या घरी नळावर गुंड भरणारी एक म्हातारी सिस्टरकडे निरखून पाहत म्हणाली, "तू सखूची पोरगी होय नं वं? वांगे होय? ते मालकाच्या अंगणात आहेत नं. दुसरीकडं नाही भेटत, बाई."

सिस्टर तिथेच रस्त्यावर उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "तुम्ही गाडीत बसा. चूक माझी आहे, मी मागतो."

"माह्या मायचं आहे," त्या म्हणाल्या. "तुमी काहून मागसान?"

मालकाचं घर इतर घरांएवढंच होतं. दोन खोल्या, पुढे अंगण. भिंतीशी रंगाच्या सहा बादल्या, त्यांत वांग्याची झाडं. पांढरट अंग, जांभळ्या रेषा. काही फळं पिवळी झालेली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बंडी-धोतरातला ऐंशी-बयाऐंशीचा माणूस बसला होता. वाडीच्या मालकाचा हा मुलगा. आता गावात यालाच मालक म्हणत.

"कोण होय?" त्याने विचारलं.

सिस्टरनी वस्तीचं आणि वडिलांचं नाव सांगितलं.

"हां, हां. आमच्या वाडीत निंदाले येत होती त्या बाईची पोरगी तू."

"तिले नाव होतं, मालक."

"आहे ध्यानात. सखूबाई." मग शेजारच्या खुर्चीवरचे कपडे बाजूला करत म्हणाला, "बसा नं तुमी. ऊन आहे."

सिस्टर बसल्या नाहीत. ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "बी पायजे या वांग्याचं. आणि आधीच सांगून टाकते, माह्या मायनं हे तुमच्या वाडीतून चोरून नेलं होतं. तीन वांगे."

मी मान खाली घातली. आता म्हातारा भडकणार, असं मला वाटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

सिस्टरच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बियाचे वांगे आमची माय मोजून ठेवे," तो म्हणाला. "दोरा बांधून. सात होते. सांजच्याला चार भरले. वाडीतून शेवटी सखूबाईच गेली होती. मी चौदा वर्षांचा असन. माय मले म्हणे, बाबाले सांगशीन तर पाहजो."

चार वर्षांत मी सिस्टरना कशानेही दचकताना पाहिलं नव्हतं. बैठकीत नाही, कुऱ्हाड हातात असताना नाही. आता त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला वाटलं त्यांना दिलासा मिळेल. झालं भलतंच. त्यांचा आवाज चढला.

"काहून नाही बोलली तुमची माय?"

"बोलली असती तर बाबानं माणसं धाडले असते वस्तीत."

"आणि मजुरी बंद केली तेव्हा? तेव्हा काहून गप्प होती? तीन वांग्याले गप्प राहून उपकार केले काय आमच्यावर? माही माय जन्मभर म्हणे, मी नेलं. माह्या हिमतीनं नेलं. आणि तुमी म्हणून राहिले, आमी नेऊ देलं!"

म्हातारा आपल्या गुडघ्यांवरच्या हातांकडे पाहत होता. घरातून कोणी तरी डोकावलं आणि आत गेलं. शेवटी तो खुर्चीचा हात धरून उठायला लागला. "तोडून देतो. चांगले पिकलेले देतो."

"हात लावू नका," सिस्टर म्हणाल्या.

तो अर्धवट उठलेलाच थांबला.

"तिकडं तोंड करा."

"काय?"

"भिंतीकडं तोंड करा, मालक. इकडं पाहू नका."

ऐंशी वर्षांच्या माणसाला, त्याच्याच अंगणात, त्याच्याच माणसांदेखत! मी "सिस्टर" म्हणून पुढे झालो. पण म्हाताऱ्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तो हळूहळू, भिंतीला हात टेकत वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग मीही रस्त्याकडे तोंड केलं.

मागे देठ मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरा. काटा लागल्यासारखं सिस्टर तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या. ऊन मानेवर लागत होतं. मला वळून पाहायची फार इच्छा झाली, पण मी पाहिलं नाही.

"झालं काय, बाई?" भिंतीकडून म्हाताऱ्याने विचारलं.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "अजून एक राहिलं."

म्हातारा तसाच उभा राहिला.